पडद्यामागची जागा

गेल्या साली येळवसाच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी मन्मथअप्पा उदगीरला गेला, तो एक पांढरं धोतर आणायला. दुकानदार ओळखीचा होता. त्यानं विचारलं, "अप्पा, जन्म पायजम्यात काढलाव. आता धोतर कुणाला?"

"पडद्याला," अप्पा म्हणाला. "रुंद पन्ह्याचं दे. मधी शिवण नको. शिवण असली की माणसाच्या तोंडावरनं रेघ जाती."

दुकानदाराला काही कळलं नाही आणि अप्पानं समजावूनही सांगितलं नाही. धोतर पिशवीत घालून तो बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसला. त्या गाडीनं त्याची नात उज्वला येणार होती. तिच्याजवळ जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर अप्पाला त्याच्या तरुणपणचा एक पिक्चर पुन्हा पाहायला मिळणार होता.

मन्मथअप्पाला तुम्ही पोरांनी पाहिलेलं आहे. देगलूर रस्त्याला गाव, गावाच्या तोंडाशीच घर. माझ्या बरोबरीचा माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नाही आणि मला पदरचं घालायची नाही. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

अप्पा तरुणपणी टुरिंग टॉकीजवर कामाला होता. टॉकीज म्हणजे तंबू. गुरुबसप्पा म्हणून मालक होता, तो जत्रा असेल तिथं तंबू घेऊन जायचा. अप्पा खुंट्या ठोकायचा, जनरेटर ओढायचा आणि दिवस मावळला की भोंग्यावरून लोकांना हाका घालायचा. तंबूच्या मधोमध पडदा. पुढं बाप्ये, मागं बायका. कापड पातळ असायचं, त्यामुळं मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. उजव्या हातानं जेवणारा माणूस बायकांना डावखुरा दिसायचा. बायकांना त्याचं काही वाटत नव्हतं. बिडीचा धूर नाही, बाप्यांची कटकट नाही.

गुरुबसप्पाकडं एक पिक्चर होता. त्याचं खरं नाव कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, लोक गिऱ्ह्याचा पिक्चर म्हणायचे. गिऱ्हा म्हणजे डोहात राहणारा. बुडून मेलेल्याचा होतो म्हणतात. रात्री काठावर उभा राहतो, पण आपण होऊन कुणाजवळ येत नाही. त्याला कुणीतरी बोलवावं लागतं.

पिक्चरमध्ये एक नावाडी आहे आणि एक नदी आहे. रोज रात्री पलीकडून हाक येते. नावाडी नाव घेऊन जातो, काठावर कुणी नसतं. पण माणूस रीतीभातीचा. अंधाराकडं बघून तो म्हणतो, "बसा." मग नाव वळवून परत येतो. गिऱ्हा पिक्चरभर एकदाही दिसत नाही. नाव दिसते. जाताना ती पाण्याच्या जेवढी वर असते, येताना त्याहून चार बोटं खाली असते. बस, एवढंच.

सुरुवातीला लोक शिट्ट्या मारायचे. "गाणं लाव रे," म्हणून पडद्यावर शेंगांची टरफलं फेकायचे. काही गावांत गुरुबसप्पा वैतागून दुसऱ्याच पिक्चरमधल्या नाचाची रीळ मधे घुसडायचा. नाच संपला की पुन्हा नदी. अप्पाला ते पटायचं नाही. तो म्हणायचा, पिक्चर काढणाऱ्यानं दम धरलाय, तर आपण बी धरावा. कितीतरी वेळ पडद्यावर नुसतं पाणी आणि वल्ह्याचा आवाज. ऐकता ऐकता तंबू गप व्हायचा. शेंगा फोडायचं थांबायचं. कडेवरची लेकरं आईच्या पदरात तोंड घालायची, आणि त्यांना काही दाखवलेलंसुद्धा नसायचं. शेवटी नावाडी "बसा" म्हणायला तोंड उघडायचा, तेव्हा पुढच्या रांगेतून एखादं म्हातारं माणूस कळवळून म्हणायचं, "नको म्हणू रे बाबा."

अप्पा अजून सांगतो, "भ्या घालायला लई काही लागत न्हाई. चार बोटं पाणी लागतंय."

नदीकाठच्या एका जत्रेत हाच पिक्चर सिंधुबाईनं पडद्यामागं बसून पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं आणि अप्पाचं लग्न झालं. संसार चांगला झाला. भांडण असायचं ते एकच, आणि तेही हसण्यावारी.

ती म्हणायची, "गिऱ्ह्याला मी पाहिलं."

"अगं, त्यात तो दिसतच न्हाई. माझ्या हातानं रिळा गुंडाळल्यात मी."

"तुम्ही पुढनं बघत होताव."

"मग मागनं कसा होता, सांग."

यावर ती कधी चुलीतलं लाकूड पुढं सारायची, कधी भाकरी उलटायची. पण शब्द बदलायची नाही. तरणी होती तेव्हाही तेच, नातवंडं झाली तेव्हाही तेच.

गेल्या पावसाळ्यापासून सिंधुबाईचं काहीतरी बिघडलं. दूध गॅसवर ठेवून ती शेजारी जाऊन बसायची. उज्वलाला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. एकदा मठातून घरी यायचं सोडून भलत्याच वाटेला लागली, ती वाण्याच्या पोरानं आणून सोडली. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, ही सुरुवात. त्यांचा मुलगा रामलिंग लातूरला असतो. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही शेत सोडणार न्हाई, मला ठावं हाय. पण आईला मी नेतो. तिसऱ्या मजल्यावर घर हाय, दार आतनं बंद राहतंय, कुठं जाणार न्हाई."

दार आतनं बंद राहतं, हे ऐकून अप्पाला जेवण गेलं नाही. पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं. येळवसाच्या दुसऱ्या दिवशी रामलिंग गाडी घेऊन येणार असं ठरलं. सिंधुबाईला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून घरात संशय शिरला. अप्पा तिच्यावर नजर ठेवायला लागला. तिनं मीठ घातलं की तो हळूच चाखून बघायचा. ती रात्री उठली की हा डोळे मिटून जागा. आणि तीही काही कमी नव्हती. एकदा पाठमोरीच म्हणाली, "चाखा, चाखा. एकदाच घातलंय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बापलेक फोनवर काय कुजबुज करूलालाव?"

"खताचं बोलत होतो."

"खताचं बोलायला गच्चीवर जावं लागतंय व्हय?"

अप्पा रात्र रात्र विचार करायचा. हिचं सगळं सुटत चाललंय, पण एक गोष्ट हिनं कधी सोडली नाही. तो पिक्चर. समजा त्यात खरंच कुठंतरी गिऱ्हा दिसत असेल, आपल्याच नजरेतून सुटला असेल, तर हिचं डोकं आपल्यापेक्षा बरं. मग रामलिंगला सांगता येईल, न्हाई नेऊ देत. आणि दिसत नसेल तर... तर पहिल्यापासूनच हिचं काहीतरी असंच होतं, म्हणायचं.

उज्वलाला त्यानं विचारलं, असा असा पिक्चर कुठं मिळंल का. पोरगी हुशार. जुने पिक्चर जमवणारा कुणीतरी तिला शोधून शोधून सापडला.

तर ही एकोणीस डिसेंबरची गोष्ट, शुक्रवारची. मार्गशीर्षातली अमावस्या. येळवसाला आपल्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी माणसं शेतात. अप्पाच्या शेतात कडब्याची कोप उभी केलेली, पूजा झालेली, पालेभाज्या-दाण्यांच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचं मडकं सावलीला. वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळखीचा असो नसो, हीच त्या दिवसाची रीत. दुपारभर माणसं येऊन जेवून गेली. सिंधुबाईच्या हातच्या भज्जीला कुणी नाव ठेवलं नाही. अप्पा मनात म्हणत होता, बघा, हिला काय झालंय?

दिवस मावळला. अप्पानं पेटता हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, घेऊन ज्वारीभोवती फेरी मारली. शेताच्या खालच्या अंगाला शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं. तिथं आला तेव्हा त्याला पलीकडच्या बांधावर कुणीतरी उभं दिसलं. तोंड दिसत नव्हतं. हातात बॅटरी नव्हती, काही नव्हतं. नुसतं उभं.

अप्पानं दिवसभर घातली तशीच हाक घातली. "कोण हाय? या हो, जेवून जावा. लाजू नका, घरचंच समजा."

अप्पानं हेंडगा विझवला, वर बघितलं, तर बांध मोकळा. गेला असेल दुसऱ्या वाटेनं.

कोपीपाशी सिंधुबाई बाजेवर बसली होती. म्हणाली, "कुणाला बोलावलाव?"

"असंल कुणी वाटसरू."

"तोंड बघितलाव?"

"न्हाई."

"घरचंच समजा म्हणालाव?"

"म्हणतो की आपण. येळवस हाय."

सिंधुबाई बाजेच्या मधोमध बसली होती, ती सरकून पार कडेला बसली. "मग आता जागा ठिवावी लागंल," म्हणाली.

गेली, असं अप्पाला वाटलं. दिवसभर धड होती, अंधार पडला की अशी. त्यानं उज्वलाकडं पाहिलं. पोरीनं मान खाली घातली.

उज्वलानं दोन बांबूंच्या मधे धोतर ताणलं. अप्पानं स्वतः कोपरे ओढून बघितले, एक चुणी राहू दिली नाही. मग तो यंत्राजवळ सतरंजीवर बसला. सिंधुबाई म्हणाली, "माझी बाज मागं न्या. मी मागनंच बघणार."

"अव्वा, मागं उलटं दिसंल," उज्वला म्हणाली.

"मला उलटंच ठावं हाय."

दोघांनी बाज उचलून पडद्यामागं ठेवली. मागं ज्वारी, ज्वारीच्या पलीकडं तळं. तिच्या अंगावर घोंगडी टाकली आणि पिक्चर सुरू झाला.

तीच नदी. तोच नावाडी. चित्राला म्हातारपण आलेलं, जागोजागी पाऊस पडल्यासारख्या रेघा. पण वल्ह्याचा आवाज तोच. अप्पाचे डोळे भरून आले. उज्वलानं आधी एकदोनदा मोबाईल बघितला. मग बघायचा थांबवला. थोड्या वेळानं ती हळूच आजोबाच्या जवळ सरकली.

"अप्पा, काहीच कसं होत न्हाई ह्यात?"

"व्हऊलालंय की. नाव बघ."

तिनं बघितलं. मग आणखी जवळ सरकली.

पलीकडून हाक आली. नावाडी गेला. काठ मोकळा. "बसा," तो म्हणाला. नाव वळली... चार बोटं खाली. अप्पानं डोळे फाडून पाहिलं. नावेत नावाडी सोडून कुणी नव्हतं. काठावर नव्हतं. पाण्यात नव्हतं. पुन्हा हाक आली, पुन्हा गेला. अप्पानं नावेचा कोपरा न् कोपरा पाहिला. कुणी नाही.

म्हणजे सिंधू चुकली होती. पहिल्यापासून.

उद्या सकाळी गाडी येणार. अप्पाला बसवेना. त्याच्या मनात आलं, एकदा तिच्या बाजूनं बघावं. जन्मभर पुढनंच बघितलं आपण. मागनं काही वेगळं दिसत असेल, कापडाचा काही खेळ असेल. शेवटची आशा म्हणा. तो उठला, धोतराच्या कडेनं मागं गेला.

मागनं पडद्यावर तीच नाव होती. उलटी. डावीकडून येणारी उजवीकडून येत होती. रिकामी.

अप्पानं सुस्कारा सोडला. मग त्यानं सिंधुबाईकडं बघितलं.

ती बाजेच्या कडेला बसली होती. घोंगडी आवळून. अंग चोरून. एवढं अंग चोरून की अर्धी मांडी बाजेबाहेर.

आणि मधे बाज खाली गेली होती.

सुंभाची विणलेली बाज. सकाळीच अप्पानं दोऱ्या ओढून घट्ट केलेली. कडेला सिंधुबाई, तिथं दोऱ्या जराशा दबलेल्या. मधोमध कुणी नाही... आणि तिथं दोऱ्यांना झोळ आलेला. खोल. भरल्या पोत्याचा येतो तसा.

पडद्यावरचा उजेड हलत होता. अप्पाला वाटलं, सावली असेल.

तेवढ्यात बाज करकरली. सिंधुबाई हलली नव्हती.

गाळाचा वास आला. तळ्यातल्या प्लास्टिकवर गाळ कुठला...

"सिंधू," अप्पा म्हणाला. पुन्हा म्हणाला, "सिंधू, ऊठ."

"पिक्चर संपू द्या," ती पडद्याकडं बघतच बोलली. "मधनं उठलेलं बरं न्हाई."

"हे... काय हाय हे?"

"तुम्हाला सांगितलं होतं की. मी पाहिलं म्हणून."

"पिक्चरमधी न्हाई तो. मी आत्ता बघितलं."

"पिक्चरमधी हाय असं कवा म्हणाले मी? कुठं पाहिलं, तुम्ही इचारलंच न्हाई. कसा होता तेवढं इचारलाव." ती अगदी हळू बोलत होती. झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून बोलतात तसं. "तवाबी इथंच होता. पडद्याच्या ह्या बाजूला. माझ्याजवळ."

अप्पाला भोंगा आठवला. नदीकडं तोंड करून बांधलेला भोंगा, आणि त्यातून रोज संध्याकाळी आपलाच आवाज. या, या. पडद्यामागं जागा हाय. या, बसा.

"मग तवा... कुठं गेला?"

"पिक्चर संपला, उठून गेला. त्याला घरी या म्हणून कुणी म्हणलं नव्हतं."

पडद्यावर वल्हं वाजत होतं. छप... छप... बाजेची दोरी आणखी एक बोट खाली गेली. अप्पानं बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी.

पिक्चर संपला. शेवटी नाव एकटीच काठाला लागते, नावाडी नसतो, आणि ती रिकामी नाव पाण्यात तशीच खोल बसलेली राहते. उज्वलानं यंत्र बंद केलं. अंधार झाला. पलीकडून पोरगी म्हणाली, "अप्पा, काय भारी पिक्चर हाय. मला वाटलं होतं झोप येईल."

उज्वला मोबाईलचा उजेड पाडत मागं आली, तेव्हा बाज सरळ होती. दोऱ्या घट्ट. सिंधुबाई उभी राहून घोंगडीची घडी घालत होती. अप्पानं दोरीवर हात फिरवला. कोरडी. त्याच्या जिवात जीव आला. गेला असेल. तेव्हा गेला तसाच.

तिघं चालत घरी आले. वाट ओळखीची, पण अप्पानं मागं वळून बघितलं नाही. दोघी पुढं, तो मागं. वाटेत सिंधुबाई एकदा थांबली. फाटकाशी आल्यावर ती बाजूला झाली... कुणाला आधी आत जाऊ द्यावं तशी. मग आत गेली.

घरातही बाजच आहे तिची. उज्वला माजघरात झोपली. अप्पानं खाली सतरंजी टाकली. दिवा तसाच ठेवला.

सिंधुबाई बाजेच्या कडेला, भिंतीकडं तोंड करून निजली.

मधली जागा मोकळी.

अप्पा बघत राहिला.

बराच वेळ काही नाही. मग बाज करकरली. आणि मधल्या दोऱ्या... सावकाश... त्याच्या डोळ्यांदेखत...

रात्रभर तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला. सिंधुबाईचं अंग चोरून निजणं बघत. पहाटे त्याला एक गोष्ट स्वच्छ कळली. हिचं डोकं ठिकाणावर आहे. दूध उतू जात असेल, वाट चुकत असेल, पण ही खोटी नाही. रामलिंगला सांगायला हवं, नको नेऊ. ज्याच्यासाठी धोतर आणलं, पिक्चर आणवला, ते हातात आलं होतं.

आणि तेच आता बोलता येत नव्हतं. कारण हिला ठेवून घ्यायचं म्हणजे कुठं ठेवायचं? ह्या घरात. ह्या बाजेवर.

बोलावलं मी, अप्पा मनात म्हणाला. माझ्या घरी बोलावलं. मग राहू दे माझ्यापाशी. ही जाऊ दे.

सकाळी रामलिंग आला. गाडी दारात लावली. सिंधुबाईनं गाडीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. पिशवी भरलेली बघितली.

"खताचं बोलत होताव न्हवं?" म्हणाली.

अप्पा खाली बघत राहिला.

"रात्री डोळ्यांनी बघितलाव. तरी बी मला खुळी ठरवून पाठवूलालाव?"

रामलिंग म्हणाला, "काय बघितलं, अप्पा?"

अप्पानं सिंधुबाईच्या डोळ्यांत बघितलं. खताचं तेवढं सोडलं तर इतक्या वर्षांत त्यानं तिला फसवलेलं नव्हतं. "काही न्हाई," तो म्हणाला. "तिला काहीबाही दिसतंय. घेऊन जा."

तिनं पदर डोक्यावरून घेतला. पायरी उतरताना अप्पानं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही.

आता मी पाहिलं ते. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर गतिरोधक आहे, त्याच्यासमोर चहाचं हॉटेल आहे, मी तिथं बाकड्यावर बसलो होतो. रामलिंगची गाडी आली. पुढं तो आणि उज्वला. मागं सिंधुबाई एकटी. सबंध सीट मोकळी, आणि ही पार दाराला चिकटून, काचेवर गाल टेकून बसलेली. मला वाटलं, रडत असेल म्हातारी.

गाडी मागनं दबली होती. चाकं पार वरच्या पत्र्यात शिरलेली. हॉटेलवाला म्हणाला, "रामलिंगनं ज्वारीची पोती घातली वाटतं डिकीत."

गतिरोधकावर गाडी चढली आणि बूड घासलं. खर्रर्र. अंगावर काटा यावा असा आवाज. रामलिंग उतरला, चाकं बघितली, हवा बघितली, डिकी उघडली. डिकीत एक पिशवी होती. त्यानं डोकं खाजवलं आणि गाडी हळूहळू काढून नेली.

तिकडं घरी, अप्पानं सांगितलं, तो बाजेजवळ जाऊन उभा राहिला. बोलावलंय मी, बस, असं म्हणणार होता. त्यानं दोऱ्यांवर हात ठेवला. ताठ होत्या. तबल्यासारख्या. दिवस गेला, रात्र गेली. बाज करकरली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं लातूरला फोन लावला. सिंधुबाई फोनवर यायला तयार नव्हती. आली तेव्हा अप्पानं बाकी काही विचारलं नाही.

"कुठं बसलीस?"

"कडेला," ती म्हणाली.

तेव्हापासून अप्पाचा बाडबिस्तरा लातूरला आहे. शेत बटईनं दिलं. तिसऱ्या मजल्यावर, आतनं बंद दाराच्या घरात. दिवाणाच्या एका कडेला ती निजते, दुसऱ्या कडेला तो. तिला आता बरंच काही आठवत नाही, असं म्हणतो. पण अप्पावरचा राग तिनं सोडलाय. परवा भेटला तेव्हा मी चेष्टेनं म्हणालो, मधी अंतर कशाला ठेवता रे म्हातारपणी? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चहा संपवला.

उद्या शाळेला जाताना गतिरोधकावर बघा. मधोमध हातभर लांब ओरखडा आहे, डांबर उकरून आतली खडी दिसते. रामलिंगची गाडी त्याआधी तिथनं कितीदा गेली, नंतरही गेली, पाच पाच माणसं कोंबून गेली. एकदाही टेकली नाही.